शिटीवाल्याची रेघ

अप्पांच्या नव्या कॉम्प्युटरवर कोणती सिस्टीम असावी यावरून बहीण-भावात जुंपली, तेव्हा खुद्द अप्पांना कुणी विचारलंच नव्हतं.

जुना कॉम्प्युटर धाकट्याने बसवून दिलेला. त्यात त्याची लाडकी खुली सिस्टीम होती. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही आत डोकावून हवी तशी बदलता येणारी. ती चालायची तेव्हा झकास चालायची. रुसायची तेव्हा धाकटा नेमका कामात असायचा. मग प्रिंटर का अडला, आवाज कुठे गेला, हे निस्तरायला थोरली. तो कॉम्प्युटर एकदाचा बंद पडला, तेव्हा तिने दुकानातून विकतच्या सिस्टीमसकट नवा आणून ठेवला.

"फुकटच्या मागे पुष्कळ धावले," तिने भावाला फोनवर सुनावलं.

"फुकटची नाही गं ताई, खुली!"

"असू दे. मला झाकली मूठच बरी."

अप्पांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. आता त्यांचा एकच छंद होता. मागच्या खिडकीसमोरच्या भिंतीच्या भोकात एक मूठभर पक्षी राहायचा. त्याचा आवाज सुईसारखा बारीक. कान म्हातारे होतात ते वरच्या टोकाकडून, त्यामुळे माणसांचं बोलणं अजून कळत असलं तरी हा आवाज अप्पांना केव्हाच ऐकू येईनासा झाला होता. मग धाकट्याने खिडकीत मायक्रोफोन लावला आणि आवाजाचं चित्र काढणारा एक प्रोग्राम दिला. जाड आवाज पडद्याच्या तळाशी, बारीक आवाज वर. पक्षी गायला की वरच्या बाजूला एक नाजूक रेघ उमटायची, शेवटाला आकड्यासारखी वळलेली. अप्पांनी त्याचं नाव ठेवलं शिटीवाला. सकाळचा चहा ते त्या रेघेसमोर बसून घ्यायचे.

नव्या कॉम्प्युटरवरही तो प्रोग्राम चढला. शिवाय आणखी एक सुख झालं. थोरली पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. तिथे दिवसभर पंप घरघरायचे आणि तिचा फोन अप्पांच्या कॉम्प्युटरवर आला की ते म्हणायचे, "तुझं राहू दे, पंप काय म्हणतोय ते कळलं." आता नव्या सिस्टीमवर तिचा आवाज कसा स्वच्छ यायचा. "शेजारी बसून बोलतेयस असं वाटतं," अप्पा म्हणाले, आणि झाकली मूठ आपण अगदी बरोबर निवडली असं थोरलीला वाटलं.

एका सुट्टीच्या सकाळी ती आली, तर अप्पा खिडकीशी स्टुलावर चढून मायक्रोफोनचे स्क्रू काढत होते.

"हे काय चाललंय?"

"शिटीवाला गेला," अप्पा मागे न वळता म्हणाले. "बरेच दिवस रेघ नाही. एवढासा जीव, किती पुरणार! हे आता काढून ठेवतो. धूळ खायला कशाला ठेवायचं?"

थोरलीने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या तारेवर बसून शिटीवाला घसा ताणून गात होता.

"अप्पा, तो गातोय. आत्ता. समोर."

अप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं. तारेवर काहीतरी ठिपक्याएवढं होतं. "असेल दुसरा कुणी. तू आपलं मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"मी आजवर तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही सांगितलंय?"

"तेही खरंच म्हणा," अप्पा म्हणाले, पण स्क्रू काढायचे थांबले नाहीत. पडद्यावर रेघ नव्हती, आणि अप्पांचा विश्वास पडद्यावर होता.

थोरलीने स्टूल गच्च धरलं, त्यांना उतरवलं आणि खुर्चीत बसवलं. मग तिने तेच केलं जे ती कामावर करायची: एकेक गोष्ट तपासली. मायक्रोफोनसमोर बोलून पाहिलं. तळाशी रंगांचे पट्टे उमटले. चमच्याने वाटी वाजवली. रेघ क्षणभर दिसली आणि विरली. तोंडाने शीळ घातली. तीही तशीच पुसली गेली. पुन्हा बोलली, पट्टे ठणठणीत.

"माणसाचं तेवढं ठेवतोय हा," ती पुटपुटली, "बाकी सगळं केर म्हणून झाडतोय."

सिस्टीमच्या पोटात शिरून शिरून तिला ती सोय सापडली. बोलणं स्वच्छ करणारी, बाहेरून येणारं आणि मायक्रोफोनमधून जाणारं, दोन्ही. तिचे पंप जी गिळत होती, तीच शिटीवाल्यालाही गिळत होती. तिने ती बंद केली.

रेघ उमटली. शेवटाला आकडा.

अप्पांनी पडद्यावरच्या रेघेवर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. "अरे लबाडा," एवढंच म्हणाले.

पण पुढच्या आठवड्यात रेघ पुन्हा गायब. सिस्टीमने स्वतःला नवं करून घेतलं होतं आणि जाता जाता ती सोयही चालू करून ठेवली होती. थोरलीने बंद केली. ती पुन्हा चालू झाली. शेवटी तिने अप्पांसमोरच धाकट्याला स्पीकरवर फोन लावून सगळं सांगितलं.

"मी काय म्हणालो होतो?"

"नाचून झालं की सांग. खुलीत असं होणार नाही?"

"अप्पांना विचारल्याशिवाय काही बदलणार नाही. पण खोटं कशाला बोलू, तुझा आवाज असा धुऊन देणारं तिथे काही नाही. पंपासकट येशील. हवं तर दोन्ही ठेवू, चालू करताना एक निवडायची."

"म्हणजे ही बोलते तेव्हा तो बंद आणि तो गातो तेव्हा ही?" अप्पा फोनकडे वाकून म्हणाले. "तोही वेळ सांगून गात नाही, आणि हीसुद्धा वेळ सांगून फोन करत नाही."

थोरली म्हणाली, "अप्पा, तुमचा कॉम्प्युटर आहे. तुम्हीच सांगा." आपल्याला कोणतं उत्तर हवंय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची तिला लाजही वाटली.

"खुली बसव," अप्पा म्हणाले.

ती नको तितक्या झटकन म्हणाली, "बरं."

"रागावलीस?"

"नाही."

"हे बघ बाळ. तुला सांगता येतं, मोठ्याने बोल म्हणून. त्याला कोण सांगणार?"

धाकटा रविवारी आला. थोरलीने त्याला खुर्चीत बसू दिलं नाही. स्वतः बसली आणि त्याला शेजारी उभं केलं. "तू सांग, मी करते. पुन्हा अडलं तर तुझ्या पाया पडायला नको." मायक्रोफोन लवकर लागला. प्रिंटरने संध्याकाळ खाल्ली.

आता ती जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून अप्पांना फोन करते. पंप भिंतीपलीकडे चालूच असतात.

"औषध घेतलंत का?"

"काय?"

"औषध! घेतलंत का?"

"घेतलं!" वरच्या मजल्यावरून कारकूनबाई ओरडतात, आणि अख्खा जिना हसतो.

"कोण गं ते?" अप्पा विचारतात.

"अख्खं ऑफिस!" थोरली पोटापासून ओरडते. "शिटीवाला आला का?"

"आला! आत्ता गातोय! थांब, मध्ये बोलू नकोस."

आणि ती गप्प उभी राहते.