पत्रिका छापून झाल्या

चेन्नईजवळच्या अंबत्तूरच्या त्या छोट्या घरात कपाटापासून फ्रिजपर्यंत जिथे तिथे पांढऱ्या हातांचे ठसे होते. यामिनीचे. सरावाआधी तळहातांना खडूची भुकटी चोळायची आणि घरी येऊन हात न धुता फ्रिज उघडायचा, हा बाईसाहेबांचा रोजचा परिपाठ. "अगं, माणसासारखी हात धुऊन ये!" असं तिची आई विमला ओरडायची, आणि ठसे मात्र कधी पुसायची नाही.

यामिनी तेरा वर्षांची, जिम्नॅस्टिक्समधली राज्यविजेती. वीतभरही रुंद नसलेल्या लाकडी बीमवर ती उलटी कोलांटी घ्यायची आणि विमला प्रेक्षकांत बसून डोळे गच्च मिटायची. ही गोष्ट २००६ सालची. त्या शनिवारी यामिनी तिचे प्रशिक्षक सुंदर सर यांच्या चमूबरोबर पुण्याला राष्ट्रीय स्पर्धेला निघणार होती. त्या वयोगटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. निवड झाली तर राष्ट्रीय शिबिर, नाही तर सगळं संपलं, इतकं ते सरळ होतं. निवड होणार असं सर म्हणत, आणि सर उगाच बोलणारे नव्हते.

सोमवारी सकाळी यामिनीला न्हाण आलं.

विमला सोलापूरची. सासर तंजावरी मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहून दोन्हीकडचे रिवाज डोक्यावर घेतलेलं. मुलगी मोठी झाली की सोळा दिवस वेगळी खोली, पुरुषाची सावली नको, आणि सोळाव्या दिवशी हॉल घेऊन समारंभ. विमलानं लेकीला जवळ ओढलं. "पुण्याहून येईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. मग बघू."

"ओके अम्मा," यामिनी म्हणाली आणि सरावाला गेली.

इथवर झकास चाललं होतं. पण आईचा जीव! दुपारी राहवेना म्हणून तिनं सोलापूरला भावाला, उपेंद्रला, फोन लावला. "भाची मोठी झाली रे तुझी. कुणाला बोलू नकोस हं." उपेंद्र कुणाला बोलला नाही हो! त्यानं फक्त विमलाच्या नणंदेला, अन्नपूर्णाबाईंना, फोन केला. मामानं अशा वेळी आहेर आणायचा असतो, त्यात काय काय लागतं हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? बहिणीच्या सासरी आपलं काही उणं पडू नये, एवढाच त्या भल्या माणसाचा हेतू होता.

संध्याकाळी अन्नपूर्णाबाई टी. नगरहून ऑटोनं हजर.

"अगे विमला, लेंकरूं मोठें जालें, आणि मला ते सोलापुराहून कळावें? आतां सोळा दीस कोठें जायाचें नक्को."

"अक्का, शनिवारी तिची स्पर्धा आहे."

"अय्यो! परका पुरुष कंबरेला धरून उडवतो, ती स्पर्धा? ल्हान होती तोंवर अस्कें, सगळें चाललें."

तेवढ्यात यामिनीचे वडील, उमाकांत, गिंडीच्या बँकेतून आले. पाच वर्षं रोज पहाटे लेकीला मोपेडवर सरावाला नेणारा बाप. विमलानं आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. ते बूट काढत म्हणाले, "बघूया." बघूया! या एका शब्दानं आपल्याकडे जेवढ्या मुली घरात बसल्या, तेवढ्या माराच्या भीतीनंही बसल्या नसतील.

यामिनी मागच्या खोलीत गेली. पाच वर्षं मोजून दोन इडल्या खाणाऱ्या पोरीला दिवसातून दोनदा उडदाचा, गुळाचा, तिळाच्या तेलात घोटलेला गोळा सुरू झाला. कंबर भरावी म्हणून! धाकटी नीलम सहा वर्षांची. तिनं दाराखालून रांगोळीची पुडी आत सरकवली. यामिनीनं फरशीवर बीमच्या रुंदीच्या दोन रेघा ओढल्या आणि त्यांच्या मधे ती उड्या मारू लागली. बाहेर सगळ्यांना ऐकू यायचं. थप, थप. मुक्कामाला राहिलेल्या अक्का जपमाळ ओढत राहायच्या.

गुरुवारी सुंदर सर आले. "राव सर, हा काही आजार नाही," ते उमाकांतना तमिळमध्ये म्हणाले. "माझ्याकडे तीस मुली आहेत. दोन दिवस जपून घेतात आणि पुन्हा उभ्या राहतात."

"मला कळतं हो, सर," उमाकांत खाली मान घालून म्हणाले. "पण समारंभाच्या पत्रिका छापून झाल्या."

सर त्या बंद दाराशी गेले. "यामिनी, खाली उतरताना गुडघे कसे?"

"जुळलेले, सर," आतून आवाज आला.

सर वळले. चपला घालून निघून गेले.

शनिवारी सकाळी विमलानं बॅग भरली, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि लेकीचा हात धरून तिला बाहेर आणलं. अन्नपूर्णाबाई जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "जा. ह्या घरचें पाणी मी पुन्हां घेणार नाहीं." उमाकांत ओरडले नाहीत. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी विमलाच्या हातातली बॅग हलकेच काढून घेतली आणि माळ्यावर ठेवली. यामिनी आईकडे बघत राहिली. आईनं बॅगेकडे पाहिलं आणि मुलीचा हात सोडला. हे सांगताना अक्कांचा राग मला येतोच. पण त्या सुटलेल्या हाताचा राग आजही जात नाही.

समारंभ दणक्यात झाला. अक्कांनी आधी सगळं घर धुऊन घेतलं, त्यात ते ठसे गेले. मामा सोलापूरहून आला, वाटेत टी. नगरला खरेदी केलेली रेशमी साडी घेऊन. हॉलच्या दारात दहा फुटी फ्लेक्स लागला. त्यासाठी यामिनीचा हसरा फोटो एकच होता, पदक घेतानाचा. स्टुडिओवाल्यानं तिचा चेहरा तेवढा कापला आणि कुठल्याशा साडीतल्या बाईच्या धडावर चिकटवला. खाली लिहिलं होतं, 'राज्यविजेती'. लोक त्यासमोर उभं राहून कौतुक करत होते.

त्यानंतर सराव बंद कर असं कुणी म्हणालं नाही. आधी सहामाही आली, मग दहावी. एकदा ती गेली, बीमवर चढली, आणि अंग जड झालेलं, मनात भीती शिरलेली. खाली बघत तशीच उभी राहिली. बापानं मोपेडवरून तिला घरी आणलं.

तीन वर्षं झाली. परवा अक्का आल्या होत्या. नऊ वर्षांची नीलम भिंतीला पाय टेकून हातांवर उभी राहिली, फ्रॉक तोंडावर आला. विमलाला कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. तेवढ्यात यामिनी पुस्तक मिटून उठली आणि बहिणीचे घोटे धरून तिनं तिला खाली उतरवलं.

"पाय मिटून बस."

"तू पण करायचीस की!"

"लहान होते तेव्हा."

"बघा, किती शहाणी जाली!" अक्का म्हणाल्या.

विमला स्वयंपाकघरातून पुढे आली. दोन्ही लेकींकडे तिनं आळीपाळीनं पाहिलं. तिचे ओठ हलले. आता बोलेल, निदान आता तरी बोलेल.

"अक्का," ती म्हणाली, "कॉफी घेणार ना?"