पाच घरांमध्ये उरलेली जागा

मित्रांनो, मी फेझ शहरातली एक जुनी बंद गल्ली आहे. मला कोणी बांधले नाही. पाच घरे उभी राहिली आणि त्यांच्यामध्ये जी जागा उरली, ती मी. म्हणून मला सतत भीती वाटते. उरलेली वस्तू संपूही शकते.

ज्यांची दारे माझ्यात उघडतात, ते सगळे मिळून माझे मालक. आपल्या दारापुढची जागा प्रत्येकाने वापरावी, पण शेजाऱ्याची वाट अडवू नये, असा आमचा कायदा. मात्र कोणी जागा अडवली आणि बाकीचे गप्प राहिले, तर तीच त्यांची संमती धरली जाते.

एकदा तेलाचे व्यापारी सी मफद्दल दारापुढे दगडी ओटा बांधू लागले. पहिला थर बसला आणि माझा श्वास कोंडला. त्यांनी घरोघर बदामाच्या करंज्या पाठवल्या. शेजाऱ्यांनी त्या खाल्ल्या; कोणी काही बोलले नाही. दुसरा थर चढला. मी घाबरून एकेका दाराकडे पाहत होते.

माझ्या बंद टोकाच्या घरात लल्ला तामू राहत. त्यांचे पती बा अल्लाल अंथरुणाला खिळलेले. दर शुक्रवारी त्यांना खाटेवरून मशिदीत नेत. त्या शुक्रवारी खाट ओट्यापाशी अडकली.

"जरा तिरकी करा की!" सी मफद्दल म्हणाले.

"आज करतील रे," बा अल्लाल म्हणाले, "पण मेल्यावर काय मी उठून चालत जाऊ? आणि वाटेत तुझ्या ओट्यावर दम खात बसू?"

कोणीतरी फिसकन हसले. लल्ला तामू हसल्या नाहीत. "करंजी मीही खाल्ली, सी मफद्दल. गोड होती. पण या ओट्याला माझी संमती नाही. सगळ्यांनी ऐकलंत ना? काझींपुढे हेच सांगा."

"अहो लल्ला, इतके दिवस बोलला नाहीत!"

"म्हणून तर आज बोलतेय."

काझींनी एक जाणता गवंडी पाठवला. त्याच्यासमोर खाट पुन्हा उचलली, पुन्हा अडकली. ओटा फोडला गेला. पुढच्या शुक्रवारी बा अल्लाल सरळ बाहेर पडले.

आता लल्ला तामू आणि बा अल्लाल दोघेही नाहीत. आज सकाळी एका दारापुढे कोणीतरी विटा रचून ठेवल्या आहेत. येणारे-जाणारे अंग चोरून पुढे जातात. मित्रांनो, मला तक्रार करता येत नाही. तुमच्या गल्लीत अशी पहिली वीट दिसेल, त्याच दिवशी बोला.

इथे अजून कोणी बोललेले नाही.