आतली कडी

"सांगतलं तं कोनाले पटनार नाही, शामसुंदर," असं म्हणत केवलरामांनी बाथरूमच्या दाराला पाठ लावली आणि सुताराची वाटच अडवली.

शामसुंदर स्क्रूड्रायव्हर हातात धरून थांबला. त्याला मराठी सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीत निघे.

"बोलो ना, काका."

सिंधुताईंच्या मुठीत नवी कडी होती, काल स्वतः हुडको वसाहतीच्या बाजारात जाऊन आणलेली. केवलराम पोलाद कारखान्याच्या भट्टीवर ड्यूटीला होते तोवर कडी नसल्याचं काही वाटलं नव्हतं. त्यांची सकाळची पाळी संपेपर्यंत घर सिंधुताईंचंच असे. केवलरामांना रिटायर होऊन चौदा महिने झाले, आणि चौदा महिने सिंधुताई आतून दाराला भरलेली बादली लावून आंघोळ करत होत्या. बादलीला कोण जुमानतो? चष्मा कुठं आहे, साखर कुठं ठेवली, मॅचमध्ये कोण आउट झालं, काहीही निमित्त पुरे. दार ढकललं जाई, बादली घसरत येई, आणि तोंडाला साबण लागलेल्या सिंधुताई ओरडत, "अहो, पाच मिनिटं दम धरा ना!"

"मी काय परका हाओ काय?" दारातच उभे राहून केवलराम विचारत, आणि मॅच पूर्ण सांगूनच जात.

"ही सिंधू एक डाव आत बेहोश होऊन पडली," केवलरामांचा आवाज आता चढला होता. "आतून कडी. मी मारला खांदा! दार, चौकट, चार इटा, सारं एका धक्क्यात बाहेर. तिकडं दूर नंदिनीच्या दगडाच्या खदानीत लोकाईले वाटलं ब्लास्टिंग झाली. डबे टाकून पळाले बिचारे! तवाच कसम खाल्ली, या घरात बाथरूमले कडी नाही."

मागं एका लग्नात हीच गोष्ट सांगितली तेव्हा विटा दोनच होत्या. सिंधुताईंनी तेव्हाही ऐकून घेतलं होतं, पदर सारखा करून व्याह्यांसमोर हसल्याही होत्या. चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडायचं कसं?

"बाप रे!" शामसुंदर स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवू लागला. "फिर तो खतरा है, काकी. रहने दूँ?"

"राहू दे, राहू दे," केवलराम म्हणाले. "चहा पिऊन जाय. सिंधू, चहा ठेव."

सिंधुताई स्वयंपाकघराकडे वळल्या. दोन पावलांवर थांबल्या. कडीची कड तळव्यात रुतली होती. परत येऊन त्यांनी ती शामसुंदरच्या हातावर ठेवली.

"आत हे पडले होते, भाऊ. दार मी तोडलं, वरवंट्यानं."

केवलरामांची पाठ दारापासून सुटली.

"यांले भेव वाटते तं यांनी लावू नये," सिंधुताई म्हणाल्या. "मी लावीन."