युलाली मावशीच्या नावावर

जेव्हॉनला गाडी परवडत होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्रिनिदादमधलं सगळं सांग्रे ग्रँडे गाव उलटंच बोलत होतं. हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर रंग मिसळून जो पगार हातात पडायचा, त्यात पतपेढीचा हप्ता बसत होता. म्हणजे नवे शर्ट घेतले नाहीत, सकाळी गाड्यावरचं छोले भरलेलं डबल्स दोनऐवजी एकच खाल्लं आणि शनिवारची बिअर मित्रांच्या पैशानं प्यायली, तर अगदी आरामात बसत होता. तेवीस वर्षांच्या पोराला आणखी काय लागतं?

आणि गाडी होतीच तशी. जहाजातून जपानहून आलेली, बारा वर्षं वापरलेली, लालभडक, दोन दारांची, जमिनीला पोट टेकून बसलेली. पोर्ट ऑफ स्पेनच्या एका यार्डात जेव्हॉननं ती पाहिली आणि विषय संपला. रविवारी मांझानियाच्या किनाऱ्यावर नारळांखाली ही गाडी उभी राहील, दार उघडेल, आणि आतून आपण उतरू. पोरं बघतील, पोरी बघतील. एवढंच त्याला हवं होतं. फार नाही मागितलं बिचाऱ्यानं.

आडवा आला तो विमा.

"वय?" विमा एजंट गोपॉलबाईंनी विचारलं.

"तेवीस."

"गाडी?"

त्यानं फोनवर फोटो दाखवला. बाईंनी फोटो पाहिला, मग त्याला पाहिलं आणि त्या चक्क हसल्या. "बाळा, तुला पंचवीस पूर्ण होईपर्यंत या गाडीला तुझ्या नावानं विमा देणारा माणूस या बेटावर जन्माला आलेला नाही. आणि दिलाच कुणी, तर आकडा ऐकून तुझी आई तिकडे न्यूयॉर्कमध्ये मटकन खाली बसेल."

"आणि विम्याशिवाय पतपेढी कर्ज देत नाही. मग लोक करतात तरी काय?"

"लोक काय करतात ते मी कशी सांगणार? मी एजंट आहे." बाईंनी दाराकडे एक नजर टाकली. "पण घरात कुणी वयानं मोठं असेल, लायसन्स असेल, आजवर एकही अपघात केलेला नसेल, आणि त्यांनीच गाडी घेतली, तर मला काय कळतंय?"

त्रिनिदादमध्ये असंच चालतं. गाडी काकाच्या नावावर, विमा आजीच्या नावावर, आणि स्टिअरिंगवर पुतण्या. कुणाला काही वाटत नाही.

असं माणूस जेव्हॉनच्या घरात होतं: युलाली मावशी. आई न्यूयॉर्कला गेल्यापासून तिनंच त्याला वाढवलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातून ती नुकतीच रिटायर झाली होती. चाळीस वर्षांचं लायसन्स, आणि त्यावर एका ओरखड्याचीही नोंद नाही. ओरखडा नव्हता याचं कारणही साधं होतं. पोरवयात ती बापाच्या कोकोच्या ट्रकवर शिकली, लायसन्स काढलं आणि लगेच लग्न होऊन बसलं. नवरा क्लाइड म्हणाला, बाईच्या हातात माझी गाडी? मी मेल्यावर. तो मेला, पण त्याच्या आधी त्याची गाडी भंगारात गेली. तरी मुदत संपली की मावशी जायची आणि लायसन्स नवं करून आणायची. कशासाठी, ते कधी कुणी विचारलं नाही. जेव्हॉननंही नाही.

"फक्त सही, मावशी. कागदापुरतं."

मावशीनं चष्मा लावून सगळे कागद शब्दन् शब्द वाचले. गोपॉलबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "गाडी तुम्हीच चालवणार ना?" हा प्रश्न विचारायचा असतो, त्याला हो म्हणायचं असतं आणि घरी जाऊन विसरायचं असतं. मावशी हो म्हणाली. विसरली मात्र नाही. इथंच आमचा जेव्हॉन फसला. अपघात न केलेलं माणूस शोधता शोधता त्यानं खोटं न बोलणारं माणूस उचललं होतं.

गाडी दारात आली. जेव्हॉननं किल्लीला हात घातला.

"ठेव खाली," मावशी म्हणाली.

"अगं, कोपऱ्यापर्यंत फक्त!"

"मी त्या बाईला तोंडावर हो म्हटलंय. आता तू चालवलीस की मी खोटी पडले. चर्चमध्ये कुठं तोंड दाखवू? तू बस की शेजारी. पैसे तुझे आहेत, ऐटीत बस."

"सगळे असंच करतात गं!"

"सगळे करतायत ना? मग आपण नाही केलं तर कुणाचं काय अडणार आहे?"

जेव्हॉननं किल्ली ठेवली आणि शेजारच्या दारानं आत जाऊन बसला.

पहिल्या रविवारी ते मांझानियाला गेले. मावशी चर्चच्या हॅटसह गाडीत बसली होती आणि हॅट छताला घासत होती. गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती, मागं हॉर्नची वरात. नारळांखाली गाडी उभी राहिली, दार उघडलं, पोरांनी पाहिलं, पोरींनी पाहिलं. त्याला हवं होतं अगदी तसंच.

"आले रे आले साहेब!" रियाद ओरडला. हा शाळेपासूनचा मित्र, म्हणजे जीभ मोकळीच. "सीटबेल्ट लावला होतास ना, सोन्या? मावशी, याला परत नेताना एक आइस्क्रीम घेऊन द्या. शहाण्यासारखा बसलाय."

जेव्हॉनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मावशीनं मात्र डिकीतून पेलावचं, म्हणजे कोंबडी घातलेल्या भाताचं, पातेलं काढलं आणि रियादलाच पहिली बशी वाढली. मेल्यानं दोनदा मागून खाल्लं.

महिन्याभरात हॉर्न बंद झाले. सहा महिन्यांत मावशीच इतरांना हॉर्न मारायला लागली. कोकोच्या ट्रकनं शिकवलेलं अंगात मुरलेलं होतं, ते आता बाहेर पडलं. टोकोच्या वळणावळणाच्या रस्त्यावर ती असा गिअर उतरवायची की टॅक्सीवाले बाजूला घेऊन बघायचे. शेजारच्या पॅट्सीच्या लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा अँब्युलन्सची वाट न बघता मावशीनं तिला मागच्या त्या नावापुरत्या सीटवर कोंबलं आणि वेळेत पोचवलं. मुलगी झाली. गाडीत नाही, हॉस्पिटलमध्ये, पण थोडक्यात. तेव्हापासून गावात ती "युलालीची गाडी" झाली. पोरं रस्त्यावरून टाळ्या पिटायची. मावशी घरात गुणगुणायला लागली, निळा गॉगल घेतला.

आणि जेव्हॉन? तो भरत होता. खड्ड्यात इंजिनखालचं ऑइलचं भांडं फुटलं, ते जपानहून मागवायचं. टायर गुळगुळीत झाले, कारण मावशी वळणावर वेग कमी करत नाही. पेट्रोल ती पेन्शनमधून टाकायची, हे खरं. पण बाकी सगळं याच्या रंगांच्या डब्यांतून यायचं. तो शेजारच्या सीटवर हातांची घडी घालून बसायचा आणि मनात एकच घोकायचा: पंचवीस. पंचवीस झालो की गाडी माझ्या नावावर आणि विमाही माझ्या नावावर. मग बघतो एकेकाला.

झाला बाबा पंचवीस. त्याच आठवड्यात दोघं लायसन्सच्या ऑफिसात गेले. मावशीनं चांगला ड्रेस घातला होता, मयताला घालतात तसला. क्लार्कनं दाखवलं तिथं तिनं सावकाश सही केली, एकही प्रश्न विचारला नाही. बाहेर येऊन तिनं गाडीतलं आपलं सामान काढलं: पेपरमिंटच्या गोळ्या, जुन्या सपाता, निळा गॉगल. मग वाकून ड्रायव्हरची सीट मागं सरकवली.

"तुझ्या तंगड्या लांब आहेत," ती म्हणाली. "तिसरा गिअर घाईनं टाकू नकोस, कुरकुरतो. मी मॅक्सी-टॅक्सीनं जाते, मला बाजार करायचाय."

तिच्याजवळ पिशवी नव्हती. जेव्हॉनला ते दिसलं. पण दोन वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला काय काय दिसू द्यायचं? त्यानं गाडी काढली.

बाजाराच्या कोपऱ्यावर भाजीवाली धावत आडवी आली. "अरे, युलाली कुठाय? बरी आहे ना?"

"बरी आहे. गाडी माझी आहे."

"हो हो, तुझीच," ती म्हणाली, आजाऱ्याशी बोलतात तशी.

पुढं पोलिसानं अडवलं. "ही युलालीबाईंची गाडी. तू कुठून उचललीस?" जेव्हॉननं शाई न वाळलेले कागद काढले. पोलिसानं ते वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. "असं होय. विकली म्हणायची. बरं, नमस्कार सांग त्यांना. आणि म्हणावं, तेवढं टोकोच्या वळणावर जरा जपून."

मांझानियाला पोचला तर किनारा रिकामा. तरी त्यानं नारळांखाली गाडी लावली, दार उघडलं आणि उतरला. एक कोळी जाळं शिवत बसला होता. त्यानं मान वर केली, गाडीच्या दुसऱ्या दाराकडे थोडा वेळ पाहत राहिला, तिथून कुणी उतरेना तसा परत जाळ्याला लागला. शेवटच्या खिळ्यापर्यंत गाडी आता जेव्हॉनची होती. आणि त्याला इतकं एकटं वाटलं की त्याचाच राग आला. खेकसावं तर समोर कुणी नव्हतं. कोळ्याला कशाला खेकसायचं?

तो घरी आला तेव्हा मावशी व्हरांड्यात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं गाडीकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं.

"झाली हौस?"

"झाली. क्लच फार जड आहे गं. पाय भरून आला."

मावशीचा हात थांबला. "जड? लोणी आहे लोणी तो क्लच."

"तुला असेल. मला नाही झेपत."

"पंचवीस वर्षांचा घोडा झालास, आणि पाय भरून येतो?"

"येतो. आता काय करू? सकाळी मला कामावर सोडत जाशील का? गोपॉलबाईंकडे विम्यात तुझंही नाव घालून घेऊ. चल, ऑफिस उघडं असेल अजून."

मावशीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे भरले होते, पण ती काही तसली रडणारी बाई नव्हे. तिनं परात बाजूला ठेवली आणि पदर नसल्यामुळे ड्रेसचाच कोपरा डोळ्यांना लावला.

"चल," ती म्हणाली. "पण तिथवर तूच चालव. अजून माझं नाव नाही त्यावर."

"अगं, दोन तर गल्ल्या आहेत!"

"चालव म्हणते ना!"

मग त्यानं चालवली. रस्त्याच्या कडेनं लोक "युलाली!" म्हणून ओरडत होते आणि ती शेजारच्या सीटवरून राणीसारखा हात हलवत होती. मध्येच त्याच्यावर डाफरत होती: "तिसरा घाईत टाकू नको म्हटलं ना! कान आहेत की भजी? क्लच सोड. हळू! माणसाला धक्का बसला तरी चालेल, गाडीला नको." जेव्हॉन ती सांगेल तशी चालवत राहिला. त्याला आता अजिबात एकटं वाटत नव्हतं, आणि पतपेढीचे अजून तीन वर्षांचे हप्ते बाकी होते.