कोरडी बोर

"पानी लागनार न्हाई," मी म्हनलो.

"लागनार," शेजारचा रंभाजी म्हनला.

पैज लागली. हरंल त्यानं मढीच्या जत्रंत, गाढवांच्या बाजारात, गळ्यात दावं घालून इकायला उभं ऱ्हायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरत नव्हता. तिसगावकडून जीप आली आनि एक सरकारी साहेब आमच्या वस्तीवरच्या डोंगरात बोर मारायला लागला. वस्ती खूश, सरकार पानी देतंय. मी एकटाच म्हनत हुतो, तिथं नुसता कातळ हाय.

मग एकदा साहेबाला चहा पाजून गोडीत घेतला, तवा खरं कळलं.

"पाणी नकोच आहे आम्हाला," साहेब म्हणाला. "अणुभट्टीचा कचरा पुरायला कोरडा खडक हवाय. महिनाभर बोर कोरडी राहिली की जागा पास. मग परवानगीला कागद वर जाईल."

"इखारी असतोय का कचरा?"

"असतो. हजारो वर्षं. पण पोलादी पिंपात बंद करू."

"पिंप किती टिकंल?"

"शंभरेक वर्षं."

"आनि म्होरं?"

"पुढं खडक आहे ना."

डोंगराच्या पायथ्याला आमची एकुलती हीर. मी म्हनलो, "म्हंजी राखन आमच्या नातवंडांच्या नातवंडांनी करायची. तीबी बिनपगारी."

साहेब हसला. मी पैज जिंकत हुतो, पर चहाचा कप तसाच खाली ठिवला.

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी समद्यांना सांगितलं. माझी भावजय रतनबाई भरली घागर घेऊन उभी हुती. "कोरडं पायजे व्हय त्यास्नी?" म्हनली, आनि घराकडं जायच्या ऐवजी डोंगर चढली. मागनं आमी समदे. साहेबाच्या डोळ्यांदेखत तिनं घागर बोरीत उपडी केली.

"अहो बाई, प्यायला पाणी नाही तुम्हाला."

"न्हाई ना. तरी वतते. लिव्हा, पानी लागलं."

"पोलीस बोलवीन."

"बोलवा. पानी आमचं, गायरान आमचं. कंचं कलम लावताय ते आधी इचारून या."

साहेबानं पंप लावून बोर उपसली. आमी परत वतली. रोज घरटी एक घागर. पोरं पान्यासाठी रडायची, आमी भाकर कोरडी गिळायचो, पर घागर चुकली न्हाई. रंभाजी तर घरातली सगळ्यात मोठी आनायचा.

"मच्छिंद्रा, आपल्याच हातानं हरतुयास की रं."

"वत मुकाट्यानं," मी म्हनलो.

शेवटी साहेब टेकीला आला. ह्या जागी चाचनी हुऊ शकत न्हाई, जागा नापास, असं लिहून जीप गेली. धुरळा बसायच्या आत रंभाजी माझ्या दारात.

"पानी लागलं का न्हाई बोरीला?"

"आपुनच वतलं की."

"कुठनं लागायचं ते पैजंत न्हवतं."

रंगपंचमीला मढीच्या बाजारात दावं गळ्यात घालून मी उभा. दाव्याचं दुसरं टोक रंभाजीच्या हातात, बगायला आख्खी वस्ती. एका गिऱ्हाइकानं माझं तोंड उघडून दात बगितले.

"वझं उचलतंय का?"

"उचलतंय," रतनबाई म्हनली, "पर सरकारचं न्हाई."

गिऱ्हाईक फुडच्या गाढवाकडं वळलं. मी भर बाजारात, छाती फुगवून, दोनदा ओरडून दावलं.