सात रेघांची बाटली

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतली तेलाची बाटली बोलतेय. काचेची, चौकोनी, गळ्याशी निमुळती. माझ्या अंगावर सात लाल रेघा आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. उगाच लाजायचं कशाला?

भट्टीतून निघाले तेव्हा माझ्यात फळाचं सरबत भरलं होतं. सरबत संपलं, तशी मी फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात पडून राहिले. रिकाम्या बाटलीला कोण विचारतो? पण माझी मालकीण वस्तू टाकणारी नव्हे. आणि तिचा नवरा पेंटर, म्हणजे दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवणारा. त्यांचा हात असा सरळ, की पट्टी शरमावी.

पेंटर तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. थोरला भाऊ त्याहून लवकर, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जेवता जेवता गेला. त्यामुळे मालकिणीने मागे लागून त्यांचं रक्त तपासून घेतलं. वाईट कोलेस्टेरॉल दोनशे दहा निघालं.

त्याच संध्याकाळी तिने मला गरम पाण्याने घासून काढलं आणि पेंटरांसमोर ठेवलं.

"अहो, हिच्यावर सात रेघा मारून द्या. रोजची एक. सोमवारी भरायची, रविवारी संपायची. घरात माणसं तीन, तेल एवढंच."

"आणि शनिवारीच संपलं तर?"

"तर रविवारी उकडलेलं खा."

पेंटर हसले. खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर लांब करून, बारीक ब्रशने त्यांनी मला रेघा मारल्या. तळाशी त्या दिवसाची तारीखही घातली. काम कुठलंही असो, भिंत असो की गाडीची नंबरपाटी, कोपऱ्यात तारीख घातल्याशिवाय ते ब्रश धूत नाहीत. रेघा वाळेपर्यंत मालकीण त्यांच्या पिंडऱ्यांना तेल चोळत बसली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. "रोज रात्री एक. तेल कमी, चालणं जास्त. दोन्ही हवं," त्या म्हणाल्या.

माझं काम जोरात सुरू झालं. पहिल्या आठवड्यात शुक्रवारीच तळ दिसला. शनिवार-रविवारी कॉलेजात जाणाऱ्या लेकीने तोंड वेंगाडत उकडलेल्या भाज्या खाल्ल्या. दुसऱ्या आठवड्यात कढई खिळ्यावर टांगली गेली. पेंटर सायकल ठेवून पायी कामावर जाऊ लागले. पाहुणे येत, मला पाहत आणि विचारत, "हे काय?" मालकीण मला उचलून दाखवी. सरबताच्या जन्मात मला कुणी असं उचललं नव्हतं.

मालकिणीचा भाऊ मात्र वेगळाच. त्याच्या पिशवीत नेहमी कसली तरी डबी असते. एकदा त्याने हिरव्या कॅप्सूल आणल्या.

"दाजी, गोळ्यांच्या नादी लागू नका. माझ्या साहेबांचे पाय गेले त्या गोळीने. जिना चढवत नाही त्यांना. हे बघा, सगळं झाडपाल्याचं."

पाय म्हटल्यावर पेंटरांचा चेहरा उतरला. शिडीवर चढणाऱ्या माणसाचे पाय गेले तर उरलं काय? त्यांच्या पिंडऱ्या तर तेव्हा ठणकतच होत्या. त्या रात्री त्यांनी गोळी तोंडात टाकल्यासारखं केलं आणि हळूच खिडकीतल्या, ब्रश बुडवायच्या टर्पेंटाइनच्या डब्यात टाकली. दुसऱ्या रात्रीही तेच. कॅप्सूलची डबीही न उघडता फडताळात पडून राहिली. आठवडाभरात पायांचा ठणका थांबला. मग तर त्यांची खात्रीच पटली.

मी शेजारीच होते. सगळं पाहत होते. खोटं का बोलू, मला बरंच वाटलं. म्हटलं, आता हे घर माझ्या एकटीच्या जिवावर आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. लेकीने कागद वाचला, "एकशे ब्याऐंशी!"

"अठ्ठावीसने उतरलं!" मेहुण्याने टेबलावर थाप मारली.

पेंटरांना राहवलं नाही. "आणि गोळी तर मी दोन महिन्यांपूर्वीच सोडलीय!"

मालकिणीच्या हातातला पेला तसाच राहिला. "रोज रात्री पाण्याचा पेला मी हातात देत होते. माझ्यासमोर पीत होतात."

"पाणी पीत होतो," पेंटर पुटपुटले. "आणि मला काही होतही नाहीये."

"तुमच्या भावालासुद्धा काही होत नव्हतं. शेवटच्या घासापर्यंत काही होत नव्हतं."

मेहुण्याने पिशवी उचलली. "ताई, मी निघतो."

"तू बस. डबी इकडे दे."

ती डबी आणि मी, दोघी एकाच पिशवीतून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गेलो. जाताना मी ताठ होते. वाटलं, आज माझा सत्कार होणार.

डॉक्टरीणबाईंनी आधी कॅप्सूलची डबी फिरवून पाहिली. "यात नेमकं काय, किती, काहीच लिहिलेलं नाही. अशा काही कॅप्सूलमध्ये गोळीसारखंच औषध निघतं, पण किती ते कळत नाही. मग मी हिशेब कशाचा धरू? आणि गोळी का सोडली?"

"त्या डबीतलं मी काही घेतलंच नाही. गोळी सोडली, कारण पाय दुखत होते. शिडीवर उभं राहवेना."

"कधीपासून?"

"गोळी सुरू झाल्यापासून."

तेवढ्यात मालकिणीने मला उलटी धरली. तेल झाकणापाशी आलं. तिचं बोट माझ्या तळाच्या तारखेवर होतं.

"अहो, ही तारीख वाचा. गोळी दुसऱ्या दिवशी आणली. आणि ही रंगवताना पाय स्टुलावर टाकून बसला होतात. तेल कोण चोळत होतं?"

पेंटरांनी आपल्याच हाताची तारीख वाचली.

"शाळेची भिंत," ते म्हणाले. "दीड महिना त्या भिंतीवर होतो. शिडी आखूड, म्हणून चवड्यांवर उभा राहायचो."

"ती संपली कधी?"

"गोळी टर्पेंटाइनच्या डब्यात टाकायला लागलो, त्याच आठवड्यात."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "या गोळीने काहींचे स्नायू दुखतात, हे खरं आहे. तुमचे दुखले तर रक्त तपासू, मात्रा कमी करू, गोळी बदलू. वाटा पुष्कळ आहेत. पण ते मला सांगायचं. टर्पेंटाइनच्या डब्याला सांगून काय उपयोग?"

मग त्यांनी मला हातात घेतलं. "बाटली झकास आहे. ही चालू ठेवा. अठ्ठावीस उतरवणं चेष्टा नाही. पण बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं, आणि तुमच्या घराण्यात ते रक्तातून नीट काढून टाकलं जात नाही. तोंडावाटे जे जात नाही, ते ही बिचारी कशी अडवणार?"

बिचारी! माझ्या काचेला तडा जायचा बाकी राहिला. परतताना पिशवीच्या अंधारात मी खूप फणफणले. पण खोटं कुठे होतं? माझ्या गळ्यातून जे गेलंच नाही, त्याचा हिशेब मी कसा ठेवणार? हे घर माझ्या एकटीच्या जिवावर आहे असं मी समजत होते, आणि गोळ्या टर्पेंटाइनमध्ये जाताना मी तर नुसती शेजारी बसून होते.

गोळी पुन्हा सुरू झाली. पहिल्या आठवड्यात पेंटर रोज सकाळी पिंडऱ्या दाबून बघत. काही झालं नाही. भिंतींसाठी मात्र त्यांनी नवी, लांब शिडी घेतली. तीन महिन्यांनी आकडा चौऱ्याण्णव आला. मेहुणा म्हणाला, "म्हणजे सगळं गोळीचंच!" तेव्हा पेंटर ताडकन म्हणाले, "त्यातले अठ्ठावीस आमच्या बाटलीचे." याआधी एवढ्या माणसांत माझ्या बाजूने कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

परवा पेंटरांना एकोणपन्नासावं लागलं. त्यांच्या भावाने हे वर्ष पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना मालकिणीने दोनदा त्यांच्या ताटाकडे पाहिलं, आणि ते शेवटचा घास गिळून, हात धुऊन येईपर्यंत जागची हलली नाही.

काल शेजारची बाई आपल्या नवऱ्यासाठी एक बाटली घेऊन आली. पेंटरांनी ब्रश काढला, पण आधी विचारलं, "त्यांचं रक्त तपासलंत? नाही? मग तपासून या. रेघा मी तोवर फुकट मारून देतो."

ती बाटली आज माझ्या शेजारी वाळतेय. नवी आहे, तोऱ्यात आहे, सगळं आपणच करणार असं तिला वाटतंय. वाटू दे. तोरा असल्याशिवाय रोज एका रेघेवर थांबवत नाही. फक्त वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी अशी बाटली असेल तर तिचा मान ठेवा, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी तिच्या भरवशावर सोडू नका. ती नाही म्हणणार नाही. आम्हा बाटल्यांना नाही म्हणता येत नाही.