उडाल्या किती?

सांगून ठेवलं होतं, लाल पेनानं लिहून चिकटवलं होतं: हात लावू नये. तरी व्हायचं ते झालंच.

मे महिन्यात उमरग्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उकाड्यानं फळमाश्या पटापट मरायला लागल्या, म्हणून मी माश्यांच्या उरलेल्या काचनळ्या घरी आणून कूलरसमोर ओल्या गोणपाटावर ठेवल्या. त्यातली एक नळी म्हणजे माझी पीएचडी. बाकीच्यांत अजून अळ्याच होत्या; त्या गेल्या असत्या तरी मी हूं की चूं केलं नसतं.

आईला, म्हणजे बनाबाईंना, मी नीट समजावलं होतं. माशी अळी असते तेव्हाच तिच्या अंगातली एक पेशी शेजारच्या पेशीला प्रथिनाच्या हाती निरोप धाडते, की इथं पंख कर. माझ्या माश्यांत ते प्रथिन धड तयारच होत नाही, म्हणून बहुतेकींना पंख येत नाहीत. ते प्रथिन परत मिळावं अशी व्यवस्था मी या नळीत केली होती. माश्या कोषातून निघाल्या की पंखवाल्या किती आणि बिनपंखी किती, एवढंच मोजायचं होतं. त्या एका आकड्यासाठी तीन वर्षं गेली आणि जूनमध्ये फेलोशिप संपतेय.

सगळं ऐकून आई म्हणाली, "म्हंजी शेजारणीनं सांगितलं तरच पंख फुटतेत व्हय?"

मी म्हटलं, हो. मला वाटलं, हिला कळलं.

आज-उद्या कोष फुटणार म्हणून बुद्धपौर्णिमेच्या सकाळी मी कॉलेजातून सूक्ष्मदर्शक आणायला गेले. परत आले तर आई विहारातून आलेली, अंगावर पांढरी साडी, आणि मोरीत माझी तीच नळी विसळतेय.

"आई! माश्या?"

"सोडल्या. आजच्या दिशी जीव कोंडून ठिवावा का? तिकडं पंचशील म्हणायचं अन् घरात हे असलं!"

"लाल पेनानं लिहिलं होतं ना!"

"हात कुठं लावला? बूच काढलं नुस्तं."

मी ओरडले, रडले, दारावर लाथही मारली. आई शांतपणे नळी पालथी घालत होती. मग माझ्या डोक्यात एकदम चमकलं.

"सोडल्या म्हणजे कशा? नळी झटकलीस?"

"झटकायची कशाला? बूच काढलं की भुर्रकन खिडकीतनं गेल्या. दोघी तेवढ्या राहिल्या, त्यायला पंखच न्हाईत. वाटीत ठिवल्यात बघ, गूळ घालून."

उडाल्या! म्हणजे निरोप पोचला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी बरोबर आलं होतं आणि ते खिडकीतून निघून गेलं होतं.

"किती उडाल्या?"

"लई."

"लई म्हणजे? दहा? पन्नास?"

"सोडताना मोजतंय व्हय कुणी?"

मी माझ्या गाइडना, मैथिली मॅडमना, फोन लावला. "मॅडम, पंख आले!"

त्या आनंदानं किंचाळल्याच. मग म्हणाल्या, "आकडा सांग."

"बिनपंखी दोन."

"आणि पंखवाल्या?"

मी फोन आईच्या कानाला लावला. माश्या उडताना फक्त तिनंच पाहिल्या होत्या.